चोच झिजलेला बगळा

तुम्ही मला ओळखणार नाही. माझा चेहराच पुसला गेलाय. बोलतोय तो मी, फौजी टोपीवरचा पितळी बिल्ला. माझ्यावर एका पायावर उभा असलेला बगळा होता. फार पूर्वी आमची इंग्लंडातल्या लँकशर परगण्याची पलटण एका नदीपाशी अडली होती. बगळा उभा होता तिथलं पाणी उथळ असणार, हे ताडून जवान तिथूनच पार झाले. तेव्हापासून तो आमच्या टोपीवर बसला. दुसऱ्या पलटणी चिडवायच्या, "काय बगळेहो, मासे गावले का?" आमचे जवान गुद्द्यांनी उत्तर द्यायचे.

माझा पहिला धनी सिरिल, सूतगिरणीतून भरती झालेला. जुन्या सैनिकांचे बिल्ले घासून घासून गुळगुळीत झालेले असत आणि त्याचा मान मोठा. सिरिलला तेवढा धीर कुठला? त्याने मला पहिल्याच दिवशी विटेवर घासलं. माझी चोच बोथट झाली.

"गाढवा, बगळ्याचं बदक केलंस की," त्याचा दोस्त विल्फ म्हणाला.

"असू दे. तुझ्या कोऱ्या बगळ्यापेक्षा दोन लढाया जास्त बघितल्यासारखा दिसतो."

आमच्याकडे एक रीत होती. लढाईला निघताना जिवलग दोस्त बिल्ले बदलायचे आणि परतल्यावर आपापला मागून घ्यायचे. मागायचा म्हणजे परत यायलाच हवं. फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरण्याआधी विल्फचा बिल्ला सिरिलने आपल्या टोपीला लावला आणि मला विल्फच्या हातावर ठेवलं. "नीट सांभाळ रे याला."

सिरिल परत आला नाही.

विल्फ गावी आला, संसाराला लागला. रविवारचा चहा झाला की मला घासत बसायचा. पुढे आमची पलटण दुसरीत मिसळली, नवा बिल्ला निघाला. जुन्या सोबत्यांनी कुरकुरत का होईना, तो लावला. विल्फने मात्र मला उतरवलं नाही.

"बाबा, पुरे करा," त्याची मुलगी मॉरीन म्हणायची. "बगळा दिसेनासा झालाय."

"सिरिलला असाच गुळगुळीत हवा होता."

"मग नेऊन द्या ना त्याला."

"जाऊ की, पुढच्या वर्षी."

ते वर्ष कधी उजाडलंच नाही. सिरिलची कबर बघायची त्याची छाती होत नव्हती, हे मला त्याच्या बोटांवरून कळायचं. मला मात्र सिरिलची फार ओढ होती. एकदा तरी त्याच्याकडे जावं, एवढंच वाटायचं.

विल्फ गेला, तेव्हा मॉरीनने मला शवपेटीवर ठेवलेल्या त्याच्या टोपीवरून काढून पर्समध्ये ठेवलं आणि थेट फ्रान्स गाठलं. तिथल्या सैनिकांच्या दफनभूमीत प्रत्येक पांढऱ्या दगडावर त्या त्या पलटणीचा बिल्ला कोरलेला. सिरिलच्या दगडावर माझा बगळा होता, टोकदार चोचीचा. इतक्या वर्षांनी मी माझा चेहरा पाहिला आणि मला भरून आलं.

"सिरिलकाका, बाबांना यायला जमलं नाही," मॉरीन म्हणाली. "तुमचा तुम्हाला घ्या." तिने चमच्याने माती उकरली आणि मला गुलाबाच्या मुळाशी ठेवलं.

आता मी हिरवा पडत चाललोय. मला कुणी शोधू नका, घासू तर मुळीच नका. मी माझ्या माणसापाशी पोहोचलो. पण विल्फचा बिल्ला अजून सिरिलकडेच आहे. तो मागायला विल्फ येईल, म्हणून आम्ही तिघं वाट बघतोय.