भिंगरीचं नाक

बाबांचं नाक गेलं. म्हणजे होतं तिथेच, चांगलं सरळ आणि धारदार, पण त्यातून आत काही जात नव्हतं. तापाने त्यांना पार पिळून काढलं आणि उतरताना तो वासही घेऊन गेला. चवही वासाच्या मागोमाग चालती झाली. दुसऱ्या कोणाचं असं झालं असतं तर त्याने जेवणाला नावं ठेवली असती आणि गप्प बसला असता. पण बाबा पडले बारमन. आजारातून उठून कामावर गेले, तर साखरेच्या पाकाऐवजी मिठाच्या पाण्याची बाटली हाताला लागली. सवयीप्रमाणे स्ट्रॉने थेंब जिभेवर घेतला, मान डोलावली आणि ग्लास पुढे सरकवला. गिऱ्हाइकाने सगळ्यांदेखत थुंकून टाकलं. तेव्हापासून बाबा घरी.

घरी म्हणजे खिडकीपाशी. संत्र्याची साल नाकाशी धरून बसायचे आणि कोणी आलं की ती पटकन खिशात कोंबायचे. धुवायला टाकलेल्या प्रत्येक शर्टाच्या खिशातून वाळकी सालं निघायची. आई ती मुकाट्याने फेकून द्यायची. घरात मोठ्याने बोलणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे भिंगरी.

भिंगरी नववीत होती. नुकतंच तिने शाळेच्या स्टेजवर उभं राहून वादविवादात वरच्या वर्गाची बोलती बंद केली होती आणि तेव्हापासून जगात आपल्याला न जमणारं असं काही आहे यावर तिचा विश्वासच नव्हता. म्हणून मिशीकाकाचा फोन आला तेव्हा बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि भिंगरी जागच्या जागी उडाली.

मिशीकाका म्हणजे बाबांच्या हाताखाली शिकलेला, आता दुसऱ्या एका हॉटेलात मॅनेजर झालेला. मिठाच्या पाण्याचं त्याला काही माहीत नव्हतं. "गुरू, आमच्याकडे बारमनची जागा रिकामी झालीय. मालक म्हणतात, एकदा हात बघून ये. रविवारी दुपारी घरीच येतो. जिनची तीन जुनी क्लासिक कॉकटेल्स करा, की झालं. तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ!"

बाबांनी फोन ठेवला. "नाही म्हणून कळवतो त्याला."

"काही नाही कळवायचं," भिंगरी म्हणाली. "हात तुमचे, नाक माझं."

"आणि जीभ?" आई आतून कडाडली. "ग्लासला जीभ लावलीस तर बघ!"

"नाक म्हटलं ना गं! नाकाने कोणी पितं का?"

"आणि नोकरी लागल्यावर काय? रोज हिला खिशात घालून नेणार आहात का, अहो?"

बाबा कितीतरी दिवसांनी हसले. "पुढचं पुढे बघू. आधी दारातून आत तर शिरू दे."

त्या हसण्यापायीच भिंगरी पेटली. शाळेतून आली की दप्तर एकीकडे, बूट दुसरीकडे, आणि ही स्वयंपाकघराच्या ओट्याशी डोळे मिटून उभी. बाबा एकेक बाटली नाकाखाली धरायचे.

"जिन. काय येतंय?"

"पेन्सिलीला टोक काढल्यावर येतो ना, तसा. आणि मागून लिंबू."

"शाब्बास."

गिमलेट तिला लगेच जमलं: जिन, लिंबू, साखर. टॉम कॉलिन्सही तसंच, फक्त उंच ग्लास आणि वरून सोडा. बाबांचे हात काही विसरले नव्हते. शेकरमधल्या बर्फाचा आवाज बारीक झाला की ते थांबायचे, बाहेरून दव धरलं की ओतायचे. हे सगळं कानाने आणि डोळ्यांनी भागत होतं. घोडं अडलं ते मार्टिनीपाशी. तिच्यात जिन आणि व्हरमूथ, बस्स. लपायला जागाच नाही. व्हरमूथ म्हणजे कडू पाला, मुळ्या घालून मुरवलेली वाइन. ती बाटली फ्रीजमध्ये होती, बाबांनी आजारी पडण्याआधी उघडलेली.

"ह्याचा कसा येतो?"

भिंगरीने जन्मात कधी व्हरमूथ हुंगली नव्हती. तिने छाती भरून वास घेतला. "पाला. सुकलेला. जरा ओल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी. आणि आंबूस."

बाबा थबकले. "आंबूस म्हणजे किती?"

आता 'किती' ते तिला काय ठाऊक? पण बाबांच्या कपाळावर आठी चढलेली पाहिली आणि तिला वाटलं, आपण डगमगलो तर हे परत जाऊन खिडकीत बसतील. "मस्त!" ती ठासून म्हणाली. "छानपैकी आंबूस."

"वाइनच ती शेवटी," बाबा स्वतःशीच पुटपुटले आणि आठी गेली. भिंगरीने तो वास पाठ करून टाकला. हीच व्हरमूथ, हीच बरोबर.

रविवारी मिशीकाका आला, मिशीला पीळ देतच. "वहिनी, तुम्ही बारीक झालात! भिंगरे, तू उंच झालीस! या घरात जेवतं तरी कोण?"

बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ठरलं होतं असं: ग्लास टेबलापर्यंत भिंगरी नेणार. वाटेत हुंगणार. ठीक असेल तर केसांतली क्लिप सारखी करायची, बिनसलं असेल तर खोकायचं.

गिमलेट. क्लिप. मिशीकाकाने घोट घेतला, डोळे मिटले. "अहाहा. हात तोच आहे, गुरू."

टॉम कॉलिन्स. क्लिप. "मालकांना काय सांगू मी, आत्ताच फोन लावतो बघा!" दारात उभ्या आईने पदराने डोळे टिपले. भिंगरीला आपलं नाक सोन्याने मढवावंसं वाटलं.

मग मार्टिनी. "माझी माहिताय ना, व्हरमूथ सढळ हाताने," मिशीकाका म्हणाला.

"तुझी कशी विसरेन?" बाबांनी ती बर्फावर ढवळली, चमच्याची पाठ काचेला टेकवून, जराही आवाज न करता. गाळली. लिंबाची साल वरून पिळली. भिंगरीने ग्लास उचलला. पाला, पुठ्ठा, आंबूस. अगदी पाठ केल्यासारखं. तिने क्लिप सारखी केली, तीही जरा दिमाखातच.

मिशीकाकाने ग्लास तोंडाशी नेला आणि प्यायच्या आधीच त्याचा हात थांबला. त्याने एकदा बाबांकडे पाहिलं. इतकासा घोट घेतला. ग्लास खाली ठेवला.

"ही बाटली कुठे असते, गुरू?"

"फ्रीजमध्ये. का रे?"

"विटलीय ती. व्हिनेगर झालंय हो तिचं."

"कसं शक्य आहे? फ्रीजमध्येच..."

"मी काढली होती," आई दारातूनच म्हणाली. "तुमच्या तापात. पेजेचं पातेलं मावत नव्हतं, म्हणून शेगडीच्या वर फळीवर ठेवली. तिथेच राहिली. तुम्ही उठलात तेव्हा परत आत ठेवली. ती बाहेर खराब होते हे मला कुठे माहीत?"

"वहिनी, तुमचं काही नाही त्यात." मिशीकाका बाबांवरून नजर हलवत नव्हता. "पण गुरू, झाकण उघडल्या उघडल्या तुम्हाला वास यायला हवा होता. तुम्ही तर खोलीच्या त्या टोकावरून ओळखायचात."

भिंगरीचा हात अजून क्लिपवरच होता. मिशीकाकाने त्या हाताकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि त्याचा चेहरा पडला.

"कधीपासून?"

"तापापासून."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर आला असतास?"

मिशीकाकाने ग्लास बाजूला सारला. तो उठला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, काढला. "मालकांशी बोलून बघतो," म्हणाला.

"नको बोलूस," बाबा म्हणाले. "गिऱ्हाइकाला मी उद्या काहीही पाजेन."

दार लागलं. आई आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली. बाबांनी व्हरमूथ सिंकमध्ये उपडी केली. बाटली गटगट करत रिकामी झाली आणि स्वयंपाकघर त्या वासाने भरलं. बाबा त्याच्या मधोमध उभे होते, निर्विकार.

"मला वाटलं असाच असतो, बाबा," भिंगरी हुंदके देत म्हणाली. "मी मस्त म्हटलं... मला माहीतच नव्हतं..."

"तुला कसं असणार गं? चांगली व्हरमूथ तुला मिळाली कधी?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी शांतपणे एकेक ग्लास विसळला, पुसला, उजेडात धरून डाग बघितला आणि कापडात गुंडाळून खोक्यात ठेवला. शेकर ठेवला. लांब चमचा ठेवला. खोकं माळ्यावर सरकवलं, अगदी भिंतीपर्यंत.

ओट्यावर लिंबाची एक साल उरली होती. ती त्यांनी दोन बोटांत धरून भिंगरीच्या नाकाखाली पिळली. बारीक तुषार तिच्या ओठांवर उडाले.

"हा तर तुला ठाऊक आहे," ते म्हणाले. "सांग. कसा येतोय?"

तिने जोर लावून श्वास ओढला. रडून रडून नाक पार चोंदलं होतं. काही म्हणजे काहीच आत गेलं नाही. ही एवढीशी पिवळी साल, तुषार दिसतायत, आणि पलीकडे नुसती भिंत. एवढे दिवस बाबा इथे राहत होते.

"सांग ना गं."

"मस्त," भिंगरी म्हणाली.

बाबांनी मान डोलावली आणि साल शर्टाच्या खिशात ठेवली.