वरची खोली आणि पुनमताई

आमच्या मामांसारखा हेकट माणूस अख्ख्या लातुरात हुडकून सापडायचा न्हाई. मामा म्हणजे माझे सासरे, शेषेराव. उभा जन्म औशाच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढला, माइकवरून गाड्या पुकारल्या. रिटायर झाले, पण आवाजाची पट्टी तीच. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारचं घर दचकतं.

मी अयोध्या, माहेर हदगावचं. नवरा नांदेडला नोकरीला, रविवारी घरी. वरच्या खोलीत मी जवसाची अन् कारळाची चटणी करते, ऑनलाइन विकते. मामांच्या मते ही नुसती थेरं. गल्लीत घरोघरी डॉक्टर व्हायला आलेली क्लासची पोरं भाड्यानं ठेवलेली, अन् आपली खोली चटणीनं अडवलेली, हे त्यांना बघवेना. शेवटी फर्मान सुटलं की जूनपासून वर पोरं राहणार, चटणी गुंडाळायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या घरात माझी म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती.

धंदा वाढवून दाखवल्याशिवाय इलाज नव्हता. पण चटणी कुटायची का लोकांच्या मेसेजला उत्तरं देत बसायचं? म्हणून गल्लीच्या ग्रुपवर टाकलं, व्हर्च्युअल असिस्टंट पाहिजे, घरी बसून फोनवरून गिऱ्हाईक सांभाळायचं. मामांनी ते वाचलं अन् जेवताना लई टर उडवली. म्हणे, मूठभर चटणीला आता मुनीम लागतोय.

दुसऱ्याच दिवशी अनोळखी नंबरवरून एका पुनमताईंचा मेसेज आला. अनुभव दांडगा, वेळेच्या पक्क्या, फक्त घशाच्या त्रासामुळं फोनवर बोलणार न्हाईत, लिहूनच काम करणार. मी लगेच ठेवून घेतलं. बाई कामाला वाघ निघाली. मी उठायच्या आत रात्रीच्या सगळ्या मेसेजला उत्तरं गेलेली असायची. ऑर्डरी वाढल्या. मामाही त्या दिवसांत गप गप राहायला लागले, ओसरीवर फोनमध्ये मान घालून बसायचे. मला वाटलं, प्रकृती बिघडली का काय.

मग नांदेडच्या एका गिऱ्हाईकानं हसत हसत मला पुनमताईंचा मेसेज पाठवला. ‘ग्राहकांनी कृपया लक्ष द्यावे. आपली कारळाची चटणी लातूरहून सुटली असून अहमदपूर, लोहा मार्गे नांदेडकडे येत आहे. पिशवी उतरवून घेताना आपल्या सामानाची खात्री करावी.’

अगं बाई! ही तर मामांची स्टँडवरची पुकार!

तरी खात्री करावी म्हणून जिन्यातून वाकून बघितलं अन् पुनमताईंना मेसेज टाकला, ‘मॅडम बोलत आहे. हजर आहात का?’ ओसरीवर मामांचा फोन वाजला. मामांनी चष्मा सारखा केला, वाचलं, अन् चक्क उठून उभे राहिले. डेपोच्या साहेबाचा फोन आला की असेच उभे राहायचे. उभ्यानंच त्यांनी लिहिलं, ‘होय मॅडम. हजर.’ मी पदर तोंडात कोंबला.

हसू ओसरल्यावर मात्र राग आला. इकडं माझी खोली काढून घ्यायची अन् तिकडं माझीच नोकरी करायची? शनिवारी निलंग्याहून एक गृहस्थ पोराला घेऊन खोली बघायला येणार होते. ते फाटकाशी आलेले दिसले अन् मी वरून मेसेज सोडला.

‘पुनमताई, आजपासून काम बंद. सासरे खोली भाड्यानं देऊन राहिलेत. तुमची नोकरीही गेली.’

खाली फोन वाजला. मग उत्तर आलं, ‘मॅडम, सासऱ्यांना एकदा नीट सांगून बघावे. वडीलधारे माणूस आहे, ऐकेल.’

मी लिहिलं, ‘तो म्हातारा? लई हेकट. कुणाच्या बापाचं ऐकायचा न्हाई.’

तोवर निलंग्याचे पाहुणे ओसरीवर चढले. खोली बघू का, म्हणाले. मामा फोन हातात धरून उभेच होते. मग त्यांनी घसा खाकरला अन् स्टँडवर पुकारावं तसं अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, “वरची खोली रिकामी न्हाई. तिथं आमच्या सुनेचं ऑफिस हाय.”

पाहुणे गेले. जिन्यातच माझे डोळे भरून आले. डोळे पुसून चहा केला, कप घेऊन ओसरीवर गेले अन् त्यांच्यापुढं ठेवला.

“पुनमताई, चहा.”

मामांनी वर बघितलं न्हाई. बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

“म्हातारा म्हटलेलं,” ते बारीक आवाजात म्हणाले, “तेवढं डिलीट कर.”