खाडीचं पाखरू

तानाजीनं ट्रकवरची ताडपत्री सोडली आणि चिऱ्याच्या दगडांमधून मुठीत मावेल एवढं पाखरू निघालं. तपकिरी पाठ, फिकट पोट, डोळे अर्धे मिटलेले. आदल्या रात्री तो रत्नागिरीकडच्या खाडीकाठी ट्रक लावून झोपला होता, तेव्हाच ते आत शिरलं असणार. आता थेट घाटावर, कुंडलला येऊन पोचलं होतं.

"आये, तितं भरतीच्या पाण्यात तिवराची झाडी हाय, त्यात ऱ्हातंय ह्ये. लय ग्वाड शीळ घालतंय," तो म्हणाला. "उद्या सकाळी मला परत तिकडंच जायचंय. तवर जगीव."

जगीव म्हणायला त्याचं काय जातंय. पण त्याची आई धोंडुबाई मेंढपाळाची लेक. अर्धमेली कोकरं तिनं उराशी धरून उठवली होती, आणि त्याचा तिला ताठाही होता. तिनं पाखरू पदरात घेतलं, बाजरीची कणी पुढं केली. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मग तिच्या डोक्यात आलं, खाऱ्या पाण्यातला जीव हा, याला मीठ नको का? मेंढरं मलूल झाली की तिचा बाप आधी मीठच चाटवायचा. तिनं वाटीभर पाण्यात मीठ विरघळवलं आणि कापसाच्या बोळ्यानं थेंब सोडला. पाखरानं चोच उघडली.

"बघ, वळखलं त्यानं," ती सुनेला, मायाला, म्हणाली. दुपारभर ती थेंब सोडत राहिली. दर वेळी चोच आधीपेक्षा मोठी उघडायची आणि धोंडुबाईला लढाई जिंकल्यागत वाटायचं.

मायानं पाखराचा फोटो सांगलीच्या विश्रामबागेतल्या तिच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या संयोगिता मॅडमना धाडला होता. पाचच्या सुमारास त्यांचा फोन आला. मायानं तो स्पीकरवर टाकला.

"दाणे नाही, किडे खातो हा. आणि पाण्यात मीठ नाही ना घातलं? राहतो खारफुटीत, पण त्याला गोडंच पाणी लागतं. मिठानं तहान वाढत जाते, मग सारखी चोच उघडतो."

माया सासूकडं बघेना. धोंडुबाईनं वाटी मोरीत ओतली, दोनदा विसळली, माठातलं पाणी घेतलं. घाईत पहिला थेंब पदरावरच पडला.

"पी रं माझ्या राजा. ग्वाड हाय ह्ये."

चोच मिटलेलीच राहिली. तिनं बोळा तसाच धरून ठेवला. थेंब चोचीवरून ओघळून तिच्या तळहातावर आला.

"पाणी पितंय का गं आये?" तानाजीनं अंगणातून विचारलं.

"मगा लय पीत हुतं," ती म्हणाली.