धवल्यांच्या कॅसेटची दुसरी बाजू

मला पहिल्यांदा बघणारा माणूस हटकून विचारतो, "बाकीचा कॉम्प्युटर कुठंय?" बाकीचा नाहीच हो, मी एवढाच आहे. दीड हात लांब, ऊन न लागताही पिवळा पडलेला, वर बटणं आणि खाली त्याच खोक्यात सगळा मेंदू. तोंड मात्र मला स्वतःचं नाही. टीव्हीची अँटेनाची वायर काढून तिथं माझी वायर खुपसायची, की टीव्ही माझं तोंड होतो.

दुसरी खोड आधीच सांगून टाकतो. मला शिकवलेलं लाइट असेपर्यंतच ध्यानात राहतं. बटण बंद केलं, की पाटी कोरी. म्हणून माझ्या शेजारी कायम एक टेपरेकॉर्डर असतो. मला जे जपून ठेवायचं असेल ते कॅसेटमध्ये भरायचं आणि पुन्हा हवं तेव्हा तिथून मला ऐकवायचं. ती कॅसेट तुम्ही ऐकलीत तर नुसतं किर्र आणि टिर्र. मला त्यात शब्द दिसतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला.

मी १९८६ साली डोंबिवलीच्या एका शाळेत आलो. काय तो थाट! माझ्यापुढे नारळ फोडला, कुंकू लावलं. त्यातलं थोडं अजून माझ्या दोन बटणांच्या फटीत आहे. पोरं चपला बाहेर काढून आत यायची. गणिताच्या शीलाबाई माझ्या वर्गाच्या बाई. पाढे, आलेख, बेरजा असं सगळं सोवळं काम, पण शनिवारी शेवटच्या अर्ध्या तासात बाई एक कॅसेट लावायच्या आणि टीव्हीवर खेळ यायचा. वर विटांची भिंत, खाली एक फळी. चेंडू खाली पडू द्यायचा नाही, फळी सरकवून वर उडवायचा आणि विटा फोडायच्या. तेवढ्यासाठी पोरं आठवडाभर शहाण्यासारखी वागायची.

दहा वर्षांनी शाळेत नवे रंगीत कॉम्प्युटर आले. त्यांच्यासाठी पडदेबिडदे लावले आणि माझं नाव भंगाराच्या यादीत गेलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? शीलाबाईंनी मुख्याध्यापकांकडे अर्ज केला आणि बाजाराच्या नायलॉनच्या पिशवीत घालून मला, टेपरेकॉर्डर आणि खेळाच्या कॅसेटसकट, ठाण्याला नेलं. त्यांच्या माहेरी, चेंदणीच्या कोळीवाड्यात.

बाईंचे वडील गोमाजी खाटेवर बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणी दुसऱ्यानं आणून ठेवावा तसा. दोन महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला होता. पाय आणि बोलणं परत आलं, हात काही परत येईना. आणि हा हात साधासुधा नव्हे. कोळीवाड्यात जाळं विणावं तर गोमाजींनी, असं लोक म्हणत. खाडी आता पूर्वीसारखी देत नाही, होड्या कमी झाल्या, तरी त्यांच्या घरची रीत चालू होती. नारळी पुनवेला घरची होडी निघायची ती नव्या जाळ्यानिशी, आणि त्या जाळ्याच्या शेवटच्या गाठी घरातल्या थोरल्याच्या हातच्या.

होडी आता पुतण्या जगन चालवायचा. पोरगा मनानं चांगला. मी आलो त्याच दिवशी तो म्हणाला, "काका, तुमी त्रास नका करून घेऊ. यंदा तयार जाळं घेऊन येतो बाजारातून." गोमाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता, दाबायला. तो खाटेखाली धूळ खात पडला होता. "मी काय पोर हाय, चेंडू दाबत बसायला?" असं गोमाजींचं म्हणणं. म्हणून शीलाबाईंनी टीव्हीवरचा चेंडू आणला. एक बटण दाबलं की फळी डावीकडे, दुसरं दाबलं की उजवीकडे, आणि दाबायचं उजव्याच हातानं. लोक मला अडाणी म्हणत असतील, पण असलं औषध नव्या कॉम्प्युटरच्या बापाला सुचलं नसतं.

पहिला आठवडा चेंडू नुसता पडत होता. मग गोमाजींना तोड सापडली, गुपचूप डावा हात वापरायचा. त्यांची बायको शेवंती भारी बिलंदर. ती खेळाच्या वेळी त्यांच्या डाव्या हातात काठोकाठ भरलेली चहाची बशी द्यायची आणि समोर बसायची. "सांडलात तर दुसरा नाय मिलनार," म्हणायची. होळीपर्यंत तर्जनी हलली. गुढीपाडव्याला त्यांनी पहिली वीट फोडली आणि त्या खुशीत चहा सांडला. शेवंतीनं दुसरा दिला.

वैशाखात जगनच्या बहिणीचं लग्न निघालं. शेवंती धवलारीण होती. कोळ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई लागते. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं. शेवंतीचा आवाज आता थकत चालला होता. आपल्यामागं हे कोण गाणार, म्हणून तिनं ठरवलं की या लग्नात धवले भरून ठेवायचे. घरात कॅसेट शोधली, लावून बघितली. किर्र, टिर्र. "खराब झालेली दिसतेय," ती म्हणाली, आणि बिनदिक्कत तिच्यावर अख्खं लग्न भरून टाकलं.

लग्नानंतर गोमाजींनी खेळ लावला. मी कान टवकारून बसलो, तर टेपमधून हळद दळायचं गाणं. मी टीव्हीवर लिहिलं की मला यातलं काही कळत नाही. आणखी काय लिहिणार? शाळेत सगळं शिकवलं, हे नव्हतं शिकवलं.

गोमाजी रागावले नाहीत. टीव्ही बंद केला आणि हात पुन्हा मांडीवर ठेवला. ते रागावले असते तर शेवंतीला बरं वाटलं असतं. चार दिवस ती मासे साफ करता करता मधेच थांबायची. "माज्याच हातानं केलं मी," एवढंच एकदा शीलाबाईंना म्हणाली.

शीलाबाईंनी शाळेतून चौकटीची वही आणली. मला तो खेळ शिकवणारा धडा त्यांनी कधीकाळी स्वतः त्यात लिहिला होता, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून एकशे ऐंशी ओळी. तो पुन्हा माझ्यात टाइप केला की खेळ तयार. "रविवारी बसून करते मी, बाबा," त्या म्हणाल्या.

गोमाजींनी वही मांडीवर ओढली. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. तरी बराच वेळ पानं बघून म्हणाले, "ठेव हितंच. जालं पन एकेक गाठीनंच होतं."

आणि काय सांगू तुम्हाला, त्या माणसानं ते केलं! अक्षर ओळखत नव्हते, त्याचा आकार बघायचे. वहीत बघायचं, माझ्यावर तसलंच चित्र शोधायचं, मग उजवं बोट उचलून तिथवर न्यायचं. खेळाला दोनच बटणं लागत होती. इथं सगळी लागत होती, आणि प्रत्येकासाठी हात उचलावा लागत होता. दिवसाला सात-आठ ओळी. चुकलं की मी फटकन चूक दाखवायचो. ते चिडायचे नाहीत. "गाठ सुटली," म्हणायचे आणि मागं जाऊन शोधायचे. दहा वर्षं शाळेत काढली मी, असा विद्यार्थी बघितला नाही.

संध्याकाळी ते मला बंद करू देत नसत. बंद केलं की विसरतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुन्हा कॅसेटच्या नादी लागायला नको, म्हणून मी पंधरा-सोळा दिवस अखंड चालू होतो. एकशे बाराव्या ओळीला लाइट गेली.

लाइट आली तेव्हा मी कोरा. गोमाजींनी बटण दाबून बघितलं, पुन्हा दाबलं. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नाही. जगन दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "काका, जाळं आणतो मी."

तेवढ्यात शेवंती आतून आली. हातात तीच कॅसेट, धवल्यांची. "हिची मागची बाजू कोरी हाय," ती म्हणाली. "दहा ओली झाल्या की भरून ठेवा. माजं गानं एका अंगाला, तुमचा खेल दुसऱ्या अंगाला."

गोमाजींनी तिच्याकडे बघितलं. "आनि मी चुकून तुज्या गान्यावर भरलं तर?"

"तर फिटंफाट," शेवंती म्हणाली.

त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं. या खेपेला दिवसाला पंधरा ओळी व्हायला लागल्या, मग वीस. दर दहा ओळींनी शेवंती टेप चालू करायची, बाजू दोनदा तपासून. श्रावण लागला आणि एके दुपारी टीव्हीवर भिंत उभी राहिली, खाली फळी, वर चेंडू. शीलाबाई, जगन, शेवंती सगळे टक लावून बसले. गोमाजींनी खेळाकडे बघितलंच नाही. ते आपल्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, "जगन, जा. नायलॉनचा दोरा घेऊन ये. आनि माजी बांबूची सुई."

अख्खं जाळं त्यांच्यानं झालं नाही. पूर्वीसारखा वेगही नव्हता. बरंचसं जगननं विणलं, त्यांच्या शेजारी बसून, त्यांची बोलणी खात. पण नारळी पुनवेच्या सकाळी शेवटच्या गाठी गोमाजींनी मारल्या, उजव्या हातानं. शेवंतीच्या हातात बशी होती, ती या वेळी तिच्याकडूनच सांडली.

आता गोमाजी अधूनमधूनच खेळतात. दिवसभर जाळी असतात ना हातात. मी टीव्हीखालच्या फळीवर असतो, अंगावर शेवंतीनं जुन्या लुगड्याचा तुकडा घातलाय. मला भंगारात टाकू नका असं मी म्हणणार नाही. ते भय आता उरलं नाही. घरच्यांकडे फक्त एक मागणं आहे. कॅसेट लावताना बाजू बघून लावता, ते बरोबरच आहे. पण कधीतरी चुकून धवल्यांची लावा. मला त्यातलं काही कळत नाही, तसं मी टीव्हीवर लिहीनही. तिकडे लक्ष देऊ नका. कॅसेट संपेपर्यंत चालू राहू द्या.