जवसाचा निळा

रंगमास्तरांनी निळ्या रंगासाठी आणखी चिमूटभर कोबाल्टची पूड खलात टाकली आणि बत्ता असा फिरवला, जणू खलाशीच जुनं वैर होतं. कारखान्यातल्या कपबशांचे सगळे रंग आजवर त्यांनीच काढले. झिलईच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. पण या निळ्याने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. हवा होता जवसाच्या फुलाचा निळा, हलका, प्रसन्न. भट्टीतून निघायचं ते मळकट राखाडी. मालकांनी गोड बोलून सांगितलं होतं, शनिवारी रंग दिसला नाही तर तयार रंग बाहेरून मागवू आणि ही खोली बंद करू. मालक गोड बोलले की समजायचं, ठरलंय.

आज शनिवार उजाडला होता. मास्तरांनी पाण्याला दोष दिला, मातीला दिला, भट्टीवाल्याशी तर कडाकडा भांडले. निळा उठत नाही तर कोबाल्ट वाढवा, एवढंच त्यांना सुचत होतं, आणि ते वाढवत सुटले होते. दुपारी रंग तपासायच्या मातीच्या शेवटच्या चकत्या भट्टीतून निघाल्या, त्याही राखाडीच. ते मटकन स्टुलावर बसले. रंगाशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि या वयात शिकवणार कोण?

पॅकिंगला काम करणारी त्यांची लेक डोकावली.

"बाबा, एवढ्या काळ्या कशाला केल्यात? नुसती शाई झालीय."

त्यांना आधी चेष्टाच वाटली. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. दाराबाहेर टाकलेल्या चकत्यांच्या ढिगात जवसाचा निळा सापडतो का बघ, असं त्यांनी तिला कसंबसं सांगितलं. ती उकिडवी बसली आणि लगेच एक घेऊन आली. अगदी पहिल्या भट्टीतली.

"ही काय. हुबेहूब फूल."

मास्तरांनी चकती उजेडात धरली, तिरकी केली, डोळ्यांपाशी नेली. मळकट राखाडी. रंग केव्हाच जमला होता आणि त्यांनीच तो फेकून दिला होता. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता, त्यात निळा रंगही मळका दिसू लागतो आणि गेलेली नजर परत येत नाही म्हणून बजावलं होतं. मास्तरांनी ते हसण्यावारी नेलं होतं.

लेकीलाही कळलं. मालकांना दाखवून येते, निदान खोली तरी वाचेल, असं ती म्हणाली.

"पुढचा रंग कोण बघणार?" मास्तर म्हणाले. "थांब. आधी मला सांग, कसा दिसतो?"

तिने त्यांच्या हातातली चकती घेतली आणि उजेडात फिरवली.

"निळा आहे, बाबा," ती म्हणाली, आणि पुढे तिला काही सुचेना.

मास्तर मान वाकडी करून पुढचा शब्द ऐकायला थांबले.