पंधरा सेकंदांचा पुरावा

सांडपाणी शुद्ध करायच्या आमच्या केंद्रात लोक मुद्दाम पक्षी बघायला येतात, हे माझ्या नणंदेला अजूनही खरं वाटत नाही. नाकाला रुमाल लावून येतात, पण येतात. मी तिथे पंप चालवते, त्यामुळे मला रोजचंच दर्शन.

शेवटच्या तळ्यातलं उंच गवत शनिवारी सकाळी आठला कापायचं ठरलं होतं. आणि बुधवारी मला त्यात घरटं दिसलं, चार देठांना बांधलेली वाटीच. घरमालक मातकट, मुठीएवढा, दिसायला अगदी बापुडवाणा. पण गळा! चिमणीपासून कावळ्यापर्यंत सगळ्यांच्या नकला करायचा. मी पुस्तक उघडलं. असे दोन पक्षी, जुळ्या भावांसारखे. एक पैशाला पासरी. दुसरा आपल्याकडे कधीच न नोंदलेला; हिवाळा परदेशात काढतो आणि तिथल्या पाखरांचे आवाजही शिकून येतो.

मॅनेजर म्हणाले, "पक्षिमंडळाचं पत्र आणा, मी कापणी थांबवतो. नुसत्या तुमच्या शब्दावर नाही हो."

मंडळाच्या अध्यक्षांना आम्ही दुर्बीणकाका म्हणतो. अकरा देश फिरलेला माणूस. शुक्रवारी दुपारी आले, दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "साधाच आहे, बाई."

"पण आवाज तरी ऐका!"

"नकला साधाही थोड्याफार करतो. नुसत्या ऐकण्यावर मंडळ नोंद घेत नाही. आधी डोळा, मग कान."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, हे यांच्याच मंडळाच्या पुस्तकात छापलंय! मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या मातकटाने नवी तान घेतली. तीन खालच्या शिट्ट्या, मग नळ गळावा तसं टप, टप, टप.

हा आवाज मी शंभरदा ऐकला होता. आणि मी तर देशाबाहेर कधी पाऊल टाकलेलं नाही.

आमचे हे नऊ वर्षं परदेशात क्रेन चालवत होते, मागच्या वर्षीच परतले. तिथून रोज फोनवर आवाजी निरोप पाठवायचे आणि मागे खिडकीबाहेर पाखरांचा नुसता कालवा. "तुमच्यापेक्षा तीच जास्त बोलतात," म्हणून मी चिडायचे. पण एकही निरोप पुसला नव्हता.

त्या दिवशी हे माझा डबा घेऊन तिथेच उभे होते. मी विचारलं, "पहिल्या वर्षीचा तो निरोप लावू का?"

कुठला ते ह्यांना लगेच कळलं. त्यात हे "मी मजेत आहे" म्हणतात आणि मग पंधरा सेकंद काहीच बोलत नाहीत. आम्ही दोघांनी त्याचा विषय कधी काढला नव्हता.

ह्यांनी एकदा गवताकडे पाहिलं, एकदा दुर्बीणकाकांकडे. "लाव," म्हणाले.

"मी मजेत आहे. काळजी करू नकोस." मग शांतता. आणि त्या शांततेत अगदी स्वच्छ तीन शिट्ट्या, टप, टप, टप.

दुर्बीणकाकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अहो, फोनमधला हा तर तिकडचा पक्षी! ह्याच्यासाठी मी दोन हिवाळे तिथे वणवण केली. हा इकडे येतच नाही. तुम्हाला कुठे भेटला?"

"माझ्या खोलीबाहेरच्या झाडावर असायचा. रोज सकाळी जीव खायचा," हे म्हणाले.

तेवढ्यात गवतातून तीच तान पुन्हा आली, जशीच्या तशी. काकांनी दुर्बीण गळ्यातून काढून ठेवली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. "चुकलो, बाई. तिकडे हिवाळा काढल्याशिवाय ही नक्कल येणार नाही," म्हणाले, आणि पत्र लगेच, पंपघरातल्या माझ्या टेबलावर डबा बाजूला सारून लिहिलं.

शनिवारी आठला कापणीचं यंत्र आलं आणि मॅनेजरांनी ते आल्या पावली परत धाडलं. मी मुद्दाम फाटकाशी उभी राहून पाहिलं, खोटं कशाला बोलू! मंडळाच्या वहीत या पक्ष्याच्या पहिल्या नोंदीपुढे आता माझं नाव आहे. पुढे चार पिल्लं उडाली. चारही मी डोळ्यांनी पाहिली, काकांच्या नियमाप्रमाणे.

पत्र मिळालं त्या शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना हे एकदम म्हणाले, "त्या निरोपात मी रडत होतो."

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणून तर शंभरदा ऐकला."