काटा की आकडा

गेल्या महिन्यात गाडीचा टर्बो जळाला आणि सत्यजीतने खापर बायकोच्या डोक्यावर फोडलं. चारुता त्याच गाडीने रोज तळोज्याला, कारखान्यातल्या प्रयोगशाळेत जायची. पण जास्त ताकद मिळावी म्हणून हौसेने गाडी ट्यून कोणी करून घेतली आणि दर रविवारी एक्सप्रेसवेवर ती कोण पिटाळायचं, हे विचारायची सोय नव्हती. साहेब म्हणे फार जपून चालवतात.

"पुन्हा जळाला तर किल्ली माझ्याकडे. तू कंपनीच्या बसने जायचं," त्याने निघतानाच बजावलं होतं. गाडीचा हप्ता दोघांच्या पगारातून जात होता, तरीही.

खांदा कॉलनीतल्या दुकानात कमळाकरने काउंटरवर दोन बूस्ट मीटर मांडले. टर्बो इंजिनात हवा किती दाबाने कोंबतो ते दोन्ही दाखवणार, एक काट्याने, दुसरा आकड्याने.

"ट्यून केलेली गाडी हाय, रोज दाब एकच्या वर नका नेऊ," कमळाकर म्हणाला. "डिजिटलला बटण हाय. दाबलं का आतापरयंत सगल्यात जास्ती किती गेलं ते दिसतं. दाबून धरलं का पुसलं जातं."

"काट्याचा द्या," चारुता म्हणाली. "रस्त्यावरची नजर न हलवता कळतो."

"काट्याच्या काय लक्षात राहणार?" सत्यजीत म्हणाला. "डिजिटलच बसवा. रोज संध्याकाळी बटण दाबून बघतो, बाईसाहेबांनी दिवसभर काय दिवे लावले ते."

परक्या माणसासमोर! चारुताच्या अंगाचा तिळपापड झाला. कमळाकर उगाचच वायर गुंडाळत बसला. तिने काट्याचा मीटर बाजूला सरकवला आणि सत्यजीतला वाटलं, जिंकलो.

मीटर बसला. खात्री करायला सत्यजीतने स्टिअरिंग धरलं, चारुता शेजारी बसली, कमळाकर मागे. रस्ता मोकळा मिळाला आणि जपून चालवणाऱ्या साहेबांनी पाय दाबला. सीटला पाठी चिकटल्या. सत्यजीत शिट्टी वाजवत दुकानापाशी परतला.

चारुताने बटण दाबलं. एक पॉइंट चार.

सत्यजीतचा हात आकडा पुसायला पुढे आला. तिने तो मनगटापाशी धरला.

"राहू दे. मी याच्या पुढे गेले तर आकडा वाढेल. नाही गेले तर रोज संध्याकाळी तुला तुझाच दिसेल."

"ट्रायल होती ती."

"मग दिसू दे की. आणि पुसलास तर मला कळेल. कमळाकरदादांनी पाहिलाय."

कमळाकर खिडकीबाहेर बघू लागला. त्याला या भानगडीत पडायचं नव्हतं.

सत्यजीतने हात सोडवून घेतला. इंजिन बंद केलं, आरशातून मागे पाहिलं.

"हा काढा. काट्याचा बसवा," तो म्हणाला.

"अजिबात काढायचा नाही," चारुता म्हणाली. "मला आता हाच हवा."

तिने उतरून गाडीला वळसा घातला, त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि तो उतरेपर्यंत किल्लीसाठी हात पुढे करून उभी राहिली.